‘ऑब्जेक्ट’, ‘एनी’ आणि ‘व्हेरिएंट’ : डिक्शनरीतल्या मिश्र व्हॅल्यूंसाठी कोणता शब्द?

प्रश्न : सी शार्प या भाषेतल्या एकाच डिक्शनरीत (‘की’ म्हणजे खुणेचं नाव आणि तिची व्हॅल्यू, अशा जोड्यांच्या साठ्यात) नाव, वय आणि ‘सभासद आहे की नाही’ असं सगळं ठेवायचंय. व्हॅल्यूचा टाइप ‘ऑब्जेक्ट’ लिहिला की कंपायलर तक्रार करत नाही. गो आणि टाइपस्क्रिप्ट या भाषांमध्ये अशा जागी ‘एनी’ दिसतं. तिन्हींचा अर्थ एकच का?

उत्तर : नाही, आणि फरक महत्त्वाचा आहे.

सी शार्पमध्ये ऑब्जेक्ट हा सगळ्या टाइपांचा मूळपुरुष. त्यात इंट (पूर्णांक) ठेवला की बॉक्सिंग होतं, म्हणजे त्याची प्रत हीपवर (मेमरीच्या वेगळ्या भागात) जाते. बाहेर काढताना नेमका तोच टाइप सांगावा लागतो. आत इंट असताना थेट लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकाच्या टाइपमध्ये) कास्ट केलं, म्हणजे तो टाइप सांगून बाहेर काढलं, तर प्रोग्राम चालू असताना एरर येते. इंटची प्रत्येक किंमत लाँगमध्ये मावते, तरीही! 2005 साली डॉटनेट (सी शार्पचं व्यासपीठ) 2.0 मध्ये जेनेरिक्स, म्हणजे साठ्यातल्या व्हॅल्यूंचा टाइप आधीच सांगायची सोय, आले, तेव्हा हॅशटेबल या डिक्शनरीच्या जुन्या अवतारातली ही कास्टिंगची कटकट संपली. व्हॅल्यूला ऑब्जेक्ट म्हटलं की ती परत आलीच.

गोमधलं एनी (आवृत्ती 1.18, 2022) म्हणजे रिकाम्या इंटरफेसचं (कोणतीही अट नसलेल्या, म्हणून काहीही मावणाऱ्या टाइपचं) दुसरं नाव. आत काय आहे ते तपासल्याशिवाय त्यावर बेरीजही करता येत नाही. टाइपस्क्रिप्टचं एनी याच्या अगदी उलट : तिथे कंपायलरची टाइप-तपासणीच बंद होते. गोच्या एनीला तिथला जवळचा शब्द ‘अननोन’.

प्रश्न : पण बाहेरून आलेल्या जेसनमध्ये (माहिती पाठवायच्या मजकुरी फॉरमॅटमध्ये) कोणत्या ‘की’ येतील हेच ठाऊक नसतं. मग?

उत्तर : की ठाऊक नसल्या तरी व्हॅल्यू किती प्रकारच्या असू शकतात ते ठाऊक असतं. जेसनमध्ये सहाच : नल, बूलियन, नंबर, स्ट्रिंग, अ‍ॅरे, ऑब्जेक्ट. (हा ऑब्जेक्ट वेगळा बरं का, की-व्हॅल्यूंच्या जोड्यांचा.) अशा ठरावीक पर्यायांच्या टाइपला व्हेरिएंट किंवा टॅग्ड युनियन म्हणावं. रस्टमध्ये तो ‘ईनम’ने लिहितात, मॅच करताना (कोणत्या पर्यायाला काय करायचं ते लिहिताना) एखादा पर्याय राहून गेला तर कोड कंपाइलच होत नाही. सी++17 मध्ये तर ‘व्हेरिएंट’ आणि ‘एनी’ दोन्ही आहेत. मी तिथे व्हेरिएंटच घेईन. गोमध्ये जेसन थेट एनीच्या मॅपमध्ये (गोच्या डिक्शनरीत) उतरवलं, तर नेहमीच्या डीकोडिंगमध्ये प्रत्येक नंबर फ्लोट64 (मर्यादित अचूकतेची दशांश संख्या) होतो आणि सोळा-सतरा आकडी आयडीचे शेवटचे अंक बदलू शकतात.

तुमच्या मूळ उदाहरणात मात्र तिन्ही की आधीच ठरलेल्या आहेत. तिथे डिक्शनरी नकोच, सरळ क्लास किंवा रेकॉर्ड लिहा.