बोटीने अटलांटिक ओलांडायचा आहे, पहिलीच वेळ – मदत हवी आहे

नाशिकचा_नाना

नमस्कार मंडळी. मी 67, सौ. 62. जुलैच्या पहिल्या आठवड्यात न्यू जर्सीत लेकीकडे नातवाची मुंज आहे. मागच्या खेपेला सोळा तास विमानात बसून माझ्या पायांची मुसळं झाली होती. तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय: लंडनपर्यंत विमान आणि पुढे साउदम्प्टनहून ‘क्वीन मेरी 2’ने न्यूयॉर्क. सात रात्री, मधे कुठेही थांबा नाही. येताना मात्र मुकाट विमानाने.

अडचण सौ.ची आहे. तिचं माहेर रेवसकडचं. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, त्यात तिच्या आजोबांचा चुलतभाऊ गेला. ती गोष्ट ऐकतच ती वाढली. वर मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा तिला बोट लागते. मी विषय काढला तर म्हणाली, “टायटॅनिकपण साउदम्प्टनहूनच निघालेली ना? तुम्ही जा बोटीनं. मी विमानानं पुढे जाऊन धक्क्यावर हार घेऊन उभी राहते.”

तर, जून अखेरीस समुद्र कसा असतो? बोट लागू नये म्हणून काय करावं? दोघेही शाकाहारी, मला साखर आहे, तिला बीपी. अमेरिकेचा व्हिसा दोघांकडे आहे. एजंट म्हणतो, तो असला की इंग्लंडचा वेगळा काढायची गरज नाही. खरं का?

रेडिंगकर

नाना, बाकी सगळं नंतर, आधी एजंटला थांबवा. अमेरिकेचा व्हिसा असणाऱ्यांना इंग्लंडमधून बिनव्हिसा पुढे जायची जी सवलत आहे, ती विमानाने येऊन विमानानेच जाणाऱ्यांसाठी. तुम्ही बोटीने निघणार म्हणजे ती तुम्हाला लागू नाही. साधा व्हिजिटर व्हिसा काढा आणि तो वेळेत काढा, उन्हाळ्यात गर्दी असते. नाहीतर मुंबईलाच विमानात चढू देणार नाहीत.

दुसरं, बोटीच्या दिवशी सकाळी लंडनला उतरायचा बेत करू नका. विमानाला उशीर झाला तर बोट थांबत नाही, आणि पुढचं बंदर थेट अमेरिकेत! निदान एक रात्र आधी या. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून साउदम्प्टन सेंट्रलला रेल्वेने सव्वा ते दीड तास लागतो. तिथे बोटींचे धक्के चार-पाच आहेत, तुमचा कुठला ते तिकिटावर बघूनच टॅक्सीत बसा.

पिंपळपान

आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये याच मार्गाने गेलो. काकूंना सांगा, मला घाटात एसटी लागते, तरी मी तरले.

मे ते ऑगस्ट त्यातल्या त्यात शांत. तरी उत्तर अटलांटिक आहे, एक-दोन दिवस हलतंच. आमचा तिसरा दिवस तसा गेला. कपाटातले हँगर रात्रभर टकटक करत होते, शेवटी ह्यांनी उठून त्यांच्यामधे टॉवेल कोंबला. चौथ्या दिवशी समुद्र अगदी परातीतल्या पाण्यासारखा. पाचव्या दिवशी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या बाजूला धुकं. तिथे लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचा ऊबदार प्रवाह भेटतात, त्यामुळे या दिवसांत तिथे धुकं ठरलेलंच. बोट ठरावीक वेळाने भोंगा देत राहते. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी ह्यांचा हातच धरला, म्हणून आधीच सांगून ठेवते.

टायटॅनिकचं म्हणाल तर त्या अपघातामुळेच 1914 पासून तिकडच्या हिमनगांवर आंतरराष्ट्रीय गस्त असते, आणि आता बोटी त्यांच्यापासून लांबचा, दक्षिणेकडचा मार्ग धरतात. निघण्यापूर्वी सगळ्यांना लाइफ जॅकेट आणि जमायची जागा दाखवतात. काकूंना त्या वेळी पुढे उभं करा, धीर येतो.

तुमच्या साखरेच्या दृष्टीने एक सोय आहे. पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे करतात, म्हणजे दिवस 25 तासांचा. गोळ्यांची वेळ हळूहळू सरकते आणि पोचल्यावर जेट लॅग नाही. फक्त डॉक्टरांना हे आधी सांगून वेळापत्रक लिहून घ्या. औषधं आठवडाभर जास्तीची, मूळ पाकिटात, हातातल्या पिशवीत. विमा काढताना बोटीचा प्रवास आणि समुद्रातून रुग्णाला हलवायचा खर्च त्यात आहे का, हे लेखी विचारा. दवाखाना बोटीवर असतो, पण पैसे मोजून.

आणि माझा गाढवपणा करू नका. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. मी उत्साहात सगळंच भरून दिलं. पहाटे उठून बघते तर अंगावरच्या गाऊनशिवाय एक कपडा नाही! ह्यांची पँट आणि माझी शाल, या वेशात मी अमेरिकेत पाऊल ठेवलं.

तारवटी_मडगाव

वरच्या ताईंचं बरोबर आहे. मी मडगावचा, अकरा वर्षं क्रूझच्या डायनिंगमध्ये होतो, या नाही, दुसऱ्या बोटींवर. खोली घेताना वरच्या मजल्याच्या आणि खिडकीच्या मोहात पडू नका. बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे सगळ्यात कमी हलतं. टोकाच्या खोल्या पाळण्यासारख्या वर-खाली होतात. एक फायदा तुमच्या बाजूने आहे: ही बोट मुळात समुद्र ओलांडायलाच बांधलेली, 345 मीटर लांब, पुढचा भाग लाटा कापणारा. मांडव्याच्या लाँचशी तिची तुलना नको.

गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यायची. अॅव्होमिन पुष्कळ जण घेतात, झोप येते. बीपीच्या गोळ्या चालू आहेत म्हणून डॉक्टरांना विचारूनच. पोट रिकामं ठेवू नका. कोरडी बिस्किटं, आंबट सफरचंद, आलं. आणि खोलीत पडून राहण्यापेक्षा उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा.

जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लिहून द्या: मांस, मासे, अंडं काहीच नको. नुसतं ‘व्हेज’ म्हणालात तर अंडं येऊ शकतं. पहिल्या रात्री हेड वेटरला भेटून “उद्या डाळ-भात मिळेल का” असं सरळ विचारा. आदल्या दिवशी सांगितलं की बहुतेक जमवतात. आणि आत आमची गोव्याची, मुंबईची पोरं भेटली तर मग बघायलाच नको.

कट्ट्यावरचा

सात दिवस नुसतं पाणी? मला तर तिसऱ्या दिवशी वेड लागेल.

पिंपळपान

@कट्ट्यावरचा, मलाही तसंच वाटलं होतं. पण ग्रंथालय मोठं आहे, तारांगण आहे, आणि सातव्या मजल्यावर पूर्ण बोटीला वळसा घालणारा लाकडी डेक आहे, तीन फेऱ्या म्हणजे 1.1 मैल. आमच्या ह्यांना बाकी काही लागलंच नाही.

नाना, मोबाइल बोटीत शिरतानाच एअरप्लेन मोडवर टाका, समुद्रातलं रोमिंग खिसा कापतं. सजून यायच्या रात्रींना काकूंना पैठणी, तुम्हाला बंद गळ्याचा कोट. आणि शेवटच्या दिवशी पहाटे साडेचारला उठा. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावरच्या व्हेराझानो पुलाखालून जाताना बोटीचं धुराडं पुलाला घासणार असं वाटून सगळ्यांच्या माना वर होतात, मग उजाडताना डावीकडे स्वातंत्र्यदेवी दिसते. उतरायचं ब्रुकलिनच्या रेड हुकला.

नाशिकचा_नाना

मंडळी, काय सांगू! एजंटला फोन केला, तो म्हणाला, “बघून सांगतो.” मी इंग्लंडच्या व्हिसाचा फॉर्म स्वतःच उघडला.

सौ.ला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. गाऊन आणि शालीवर ती हसली, पण भोंग्याचं ऐकून पुन्हा गप्प. रात्री जेवताना म्हणाली, “मधल्या खोलीचं भाडं किती, ते तरी विचारा.”

आता तिचा प्रश्न. बोटीवर वजनाचा जाच नाही म्हणून ती मुंजीचं सगळंच सामान न्यायचं म्हणते. ताम्हन-पळी ठीक, पण पळसाचा दंड, दर्भ, समिधा आणि घरचा आलेपाक अमेरिकेत चालेल का?

रेडिंगकर

वजनाचा जाच बोटीवर नाही, पण मुंबई ते लंडन विमान आहे हे विसरू नका! दंड, दर्भ, समिधा नकोच. झाडपाल्याची तपासणी कडक असते, ऐन वेळी काढून घेतील. लेकीला तिकडच्या गुरुजींना विचारायला सांगा, ते सोय करतात. आलेपाक उतरताना तपासणीत स्वतःहून सांगा आणि न्या. बोटीवरचं केळं मात्र पिशवीत टाकून उतरू नका.

तारवटी_मडगाव

आलेपाक थोडा जास्तच घ्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरचे पण मागतील.