मायनर आणि संथ, म्हणजे शोकच का?

जर्मन संगीतकार बाखच्या जी मायनर सोनाटातली (एकट्या व्हायोलिनसाठीची पहिली, हस्तलिखित १७२०चं) सुरुवातीची अडाजिओ, म्हणजे संथ मूव्हमेंट (रचनेचा एक भाग), "मायनर आणि संथ, म्हणून शोकगीत" असं कोणी कोणी म्हणतं. मायनर ही सहसा उदास मानली जाणारी स्वरपट्टी, हे खरं; पण मला ते अपुरं वाटतं.

पहिलाच स्वरमेळ बघा. जी, डी, बी फ्लॅट, जी असे चार स्वर, चारही तारांवर. त्यातल्या खालच्या दोन तारा मोकळ्या, बोट न ठेवता वाजणाऱ्या, त्यामुळे अख्खं लाकूड घुमतं. व्हायोलिनला जी मायनर असा अंगाला बसतो! त्या घुमण्यात मला दुःखापेक्षा भारदस्तपणा जास्त ऐकू येतो.

लयीचंही तेच. ठोके मंद आहेत, पण त्यांच्या मधे बत्तिसांश-चौसष्टांश, म्हणजे अगदी छोट्या, झरझर जाणाऱ्या स्वरांच्या लडी आहेत. त्या काळी अशी सजावट बहुतेक वेळा वादकावर सोडत. इथे बाखने ती स्वतः लिहून दिली. ती काटेकोर मोजून वाजवली की चाल लंगडते. ठोका मनात धरून मधले स्वर बोलल्यासारखे सोडले, तर आलाप ऐकल्यासारखं वाटतं. फार संथ घेतलं तर मात्र खालचा बास (मंद्र स्वरांची ओळ) कानातून निसटतो, आणि इमारत त्याच्यावरच तर उभी आहे.

खरी हळवी जागा हवी असेल तर तिसरी मूव्हमेंट, सिसिलियाना ऐका. चारांतली तेवढी एकच मेजरमध्ये (सहसा उजळ मानल्या जाणाऱ्या स्वरपट्टीत), बी फ्लॅटमध्ये, १२/८ च्या झुलत्या ठेक्यात. माझ्या डोळ्यांत पाणी येतं ते तिथे.