सममूल्य, समतुल्य की समकक्ष?

१/२ आणि २/४ यांना गणितात ‘सममूल्य अपूर्णांक’ म्हणतात. नुसतं ‘समान’ का म्हणत नाहीत? माझ्या मते त्या ‘मूल्य’मध्येच उत्तर आहे. दिसायला दोघे वेगळे, अंश वेगळा, छेदही वेगळा; एक आहे ती फक्त किंमत. म्हणजे ‘सममूल्य’ म्हटलं की इतर बाबतींत फरक असणार हे गृहीतच असतं. एक मोठी नोट आणि तिचे सुटे हे सममूल्य. एकाच छापाच्या दोन नोटांना कोणी आवर्जून सममूल्य म्हणणार नाही, त्या सारख्याच असतात. याची ‘समच्छेद’शी गल्लत नको. २/७ आणि ५/७ समच्छेद आहेत, पण त्यांची किंमत निराळी.

शेअर दर्शनी किमतीलाच विकला तर तो ‘सममूल्याने’ विकला, त्याहून जास्त घेतले तर ‘अधिमूल्याने’. इथेही कागदावरची किंमत आणि घेतलेली किंमत अशा दोन वेगळ्या गोष्टी जुळल्या आहेत.

आता ‘तुल्य’. पाणिनीच्या एकाच सूत्रात (४.४.९१) ‘तुल्य’ आणि ‘मूल्य’ दोन्ही सिद्ध होतात. तुलेने, म्हणजे तराजूने, जोखून बरोबर भरलं ते तुल्य. आणि मूळ भांडवलाशी जे सम, ते मूल्य! बरोबरीचा अर्थ ‘मूल्य’ शब्दाच्या पोटातच होता, हे मला फार आवडतं. (मित्र या अर्थाचा ‘वयस्य’ही त्याच सूत्रातला: वयाने तुल्य तो.) त्या हिशेबाने ‘समतुल्य’मधला ‘सम’ जास्तीचा ठरतो. पण ‘समसमान’ आपण बिनदिक्कत म्हणतो, मग एकट्या ‘समतुल्य’लाच का धारेवर धरायचं? वस्तुमान आणि ऊर्जा यांची ‘समतुल्यता’ (आइन्स्टाइन, १९०५) आता इतकी रुळली आहे की तिथे व्युत्पत्ती काढून बसण्यात अर्थ नाही.

मराठीत मात्र ‘तुल्य’ नेहमी तराजूला धरून राहत नाही. पितृतुल्य काका, गुरुतुल्य व्यक्ती, देवतुल्य माणूस. इथे कोणी कोणाला जोखलेलं नाही, मान दिलेला आहे. शिवाय हे नातं उलटत नाही. काका पित्यासारखे, पण म्हणून पिता काही काकातुल्य होत नाही. २/४ हा १/२ शी सममूल्य असेल तर १/२ ही २/४ शी असतोच. ‘तुल्यबळ’ मात्र दोन्ही बाजूंनी चालतो: तुल्यबळ संघ, तुल्यबळ लढत. म्हणून ‘तुल्य’ समासाच्या शेवटी आला की सहसा आदर किंवा साम्य, आणि आधी आला की बरोबरी, असा माझा ठोकताळा आहे. ‘विषतुल्य’मध्ये आदर कसला, म्हणाल तर तिथे साम्य आहे.

‘समकक्ष’ ही तिसरीच गोष्ट. तिथे किंमत नव्हे, पायरी मोजली जाते. ‘पदवी किंवा समकक्ष अर्हता’ हे योग्य. ‘सममूल्य अर्हता’ म्हणून पाहा, कानाला खटकतं. बातम्यांत मंत्र्यांचे ‘समकक्ष’ भेटतात, ते मला हिंदीतून आल्यासारखे वाटतात, ‘समपदस्थ’ बरा.

बोलताना यातलं काहीच तोंडात येत नाही. स्पर्धा असली की तोडीस तोड, देणंघेणं संपलं की फिटंफाट, सोयरीक जुळवताना तोलामोलाचं स्थळ. ‘तोलामोलाचा’त तुला आणि मूल्य दोघेही घरच्या कपड्यांत येऊन बसले आहेत. कोशकारांनी पारिभाषिक शब्द घडवायच्या कितीतरी आधी बोलीने हा प्रश्न असा सोडवला होता, फक्त अपूर्णांकांना तो शब्द लावता येत नाही.

लिहिताना प्रत्ययाकडे तेवढं लक्ष द्यावं: ‘१/२ शी सममूल्य’ किंवा ‘१/२ चा सममूल्य अपूर्णांक’. ‘१/२ ला सममूल्य’ मी टाळतो.