मरीयेच्या चर्चचा पॅट्रनल: २५ मार्च की १५ ऑगस्ट? आणि २०२७चं काय करायचं?

प्रश्न | ससेक्सकर

सलाम मंडळी,

दक्षिण इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चची वेदीची तयारी माझ्याकडे आहे. चर्च कुमारी मरीयेच्या नावाचं. जुन्या रजिस्टरांत पॅट्रनल (चर्च ज्याच्या नावाचं त्याचा वार्षिक सण) दरवर्षी २५ मार्चला, म्हणजे लेडी डेला, झाल्याच्या नोंदी आहेत. नव्या व्हिकरांचं (पाळकांचं) म्हणणं असं की मरीयेचा आजचा मुख्य सण १५ ऑगस्टचा, तोच धरावा. त्यात २०२७ला २५ मार्च नेमका पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, येतोय.

मग त्या वर्षी लेडी डे पाळायचाच नाही का? पुढे न्यायचा तर कुठवर? जवळचा रविवार चालेल का? १५ ऑगस्ट धरला तर २५ मार्च सोडून द्यायचा का? फ्रंटल (वेदीसमोर सोडायचं कापड), फुलं, द्राक्षारस यांचा अंदाजही हवाय, कारण सगळं ईस्टरच्या धामधुमीत येणार. शिवाय आमच्या पीसीसीतले (पॅरिशच्या, म्हणजे गावच्या मंडळीच्या, कारभार समितीतले) दोघंतिघं विचारतात की तारखेचा एवढा काथ्याकूट कशाला, सोयीचा रविवार घ्या आणि मोकळे व्हा. त्यांना काय सांगावं?

उत्तर १ | पंचांगी

दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सुटे करा. २५ मार्च हा देवदूताने मरीयेला निरोप दिल्याचा सण, आणि तो प्रत्येक चर्चला लागू आहे. चर्च मरीयेचं असो नाहीतर संत जॉर्जचं, फरक पडत नाही. कॉमन वर्शिपच्या (चर्च ऑफ इंग्लंडच्या आजच्या उपासनापुस्तकाच्या) कॅलेंडरात तो नाताळ, ईस्टर, स्वर्गारोहण यांच्या पंक्तीला बसतो. पॅट्रनल कधी करायचा, हा मात्र फक्त तुमच्या गावचा प्रश्न. म्हणून व्हिकरांनी १५ ऑगस्ट धरला तरी लेडी डे सुटत नाही. तो पाळायचाच.

आता २०२७. नियम असा आहे: २५ मार्च एरवीच्या रविवारी आला तर सण दुसऱ्या दिवशी, सोमवारी. झावळ्यांच्या रविवारपासून (ईस्टरच्या आदल्या रविवारपासून) ईस्टरच्या दुसऱ्या रविवारपर्यंतच्या पंधरवड्यात आला, तर त्या दुसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी. २०२७ला ईस्टर २८ मार्चला, दुसरा रविवार ४ एप्रिलला, म्हणून लेडी डे सोमवार ५ एप्रिलला. २०२४ला हेच झालं होतं: २५ मार्च पवित्र सप्ताहातल्या सोमवारी आला आणि सण ८ एप्रिलला गेला. २०१६ला तर तो थेट गुड फ्रायडेवर आला होता, तेव्हा ४ एप्रिल. मोजताना एक गल्लत हमखास होते. ईस्टरचा दिवस हाच पहिला रविवार. त्याच्या पुढच्या रविवारपासून मोजणारे एक आठवडा चुकतात आणि १२ एप्रिलला जाऊन पोचतात.

रविवारचं म्हणाल, तर पॅट्रनल प्रमुख सण म्हणून पाळणाऱ्या चर्चला तो जवळच्या रविवारी नेता येतो. पण काही रविवार त्यासाठी बंद असतात: प्रमुख सणाचा कुठलाही रविवार, आगमनकालाचा (नाताळाआधीच्या काळाचा) पहिला, प्रभूच्या बाप्तिस्म्याचा, लेंटचा (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा) पहिला आणि पाचवा, आणि झावळ्यांचा. २०२७ला २५ मार्चच्या अलीकडचा रविवार २१ तारखेचा, तो झावळ्यांचा. पलीकडचा २८चा, ते खुद्द ईस्टर. दोन्ही दारं बंद.

१५ ऑगस्टचा इतिहास व्हिकरांना माहीत असेलच, पण पीसीसीसमोर ठेवा. धर्मसुधारणेआधी तो मरीयेचा मोठा सण होता. १५४९च्या बुक ऑफ कॉमन प्रेअरमधून, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या जुन्या प्रार्थनापुस्तकातून, तो गेला. १६६२च्या पुस्तकात मरीयेचे दोनच सण पूर्ण मानाने उरले, २ फेब्रुवारी आणि २५ मार्च. ८ सप्टेंबरचा तिचा जन्मदिवस कॅलेंडरात नुसत्या नावापुरता राहिला. तेव्हा मरीयेच्या चर्चने २५ मार्चला पॅट्रनल करणं हे तुमच्या गावचं खूळ नव्हे. हातात जे पुस्तक होतं त्याला धरूनच ते चाललं. कॉमन वर्शिपने १५ ऑगस्ट परत आणला, आणि त्याऐवजी ८ सप्टेंबरही चालतो. २०२७ला १५ ऑगस्ट रविवारीच येतो, ट्रिनिटीच्या (त्रैक्याच्या) सणानंतरचा बारावा. हिरव्या रंगाचा साधा रविवार असल्याने त्या दिवशी सण सरळ करता येतो.

माझं मत २५ मार्चच्या बाजूने. ऑगस्टमध्ये क्वायर अर्धा रजेवर, शाळा बंद, घंटा वाजवणारेही गावाबाहेर. आणि जी तारीख पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, ती बदलायला सोयीपेक्षा मोठं कारण लागतं.

पॅट्रनल आणि डेडिकेशन यांचाही घोळ घालू नका. डेडिकेशन म्हणजे इमारतीच्या अर्पणाचा वर्षदिन. हेन्री आठव्याच्या राज्यात १५३६ला सगळ्या चर्चचे डेडिकेशन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी बांधून टाकले, कारण गावोगावच्या जत्रांमुळे कापणीची कामं अडतात अशी तक्रार होती. आजही मूळ तारीख माहीत नसेल तर तोच रविवार किंवा ट्रिनिटीनंतरचा शेवटचा रविवार घेतात.

उत्तर २ | मेणबत्ती

तारखेचं झालं, आता कपाटाकडे वळू.

५ एप्रिल म्हणजे ईस्टरनंतरचा आठवा दिवस, त्यामुळे रंगाची कटकट नाही. ईस्टरचा पांढरा किंवा सोनेरी फ्रंटल तसाच राहू द्या. एरवीच्या वर्षी खरी धावपळ असते: लेंटच्या मध्यावर एका दिवसापुरता जांभळा उतरवून पांढरा चढवायचा. सण आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेपासून लागतो, म्हणून बदल २४च्या दुपारीच व्हायला हवा. पुष्कळ ठिकाणी २५च्या सकाळी घाईत करतात आणि आदल्या संध्याकाळची प्रार्थना जांभळ्यातच उरकली जाते. फ्रंटल नेहमी दोघांनी उचलावा. घडी घालू नये, जरीचा धागा घडीवर तुटतो. नळीवर गुंडाळायचा, नक्षीची बाजू बाहेर, मध्ये आम्लरहित टिश्यू कागद.

लेंटमध्ये ग्लोरिया (देवाच्या गौरवाचं स्तुतिगीत) गाळतात, पण २५ मार्चला म्हणतात. हालेलूया मात्र त्या दिवशीही नाही, लेंट संपलेला नसतो. ५ एप्रिलला दोन्ही आहेत. हा फरक ऑर्गनवादकाला आणि पत्रक छापणाऱ्याला लेखी कळवा, नाहीतर मागच्या वर्षीची फाइल तशीच छापली जाते. १६६२च्या विधीत ग्लोरिया प्रभुभोजनाच्या शेवटी असते आणि लेंटमध्येही गाळत नाहीत, म्हणून तो विधी वापरणार असाल तर हा प्रश्नच येत नाही.

लिली हे मरीयेचं फूल. ईस्टरसाठी घेताना निम्म्या देठांवर बंद कळ्या असतील असं बघा. एक दिवसाआड पाणी बदललं, देठ तिरपे छाटले आणि चर्चचं हीटिंग रात्री बंद ठेवलं तर कळ्यावाली आठ दिवस धरतात. वेदीजवळ दहाबारा ताजे देठ वाढवले की काम भागतं. कळी उमलली रे उमलली की आतले परागाचे तुरे चिमटीने काढून टाका, पराग सुटा व्हायच्या आत. पांढऱ्या फ्रंटलवर पराग पडलाच तर बोट लावू नका, ओलं फडकं तर मुळीच नको, कारण पाण्याने पिवळा डाग धाग्यात मुरतो. कोरडा राहू द्या आणि चिकटपट्टी हलकेच टेकवून उचला. जेवढा उठेल तेवढा उठवून, उरलेला पुन्हा नव्या पट्टीने.

द्राक्षारस: एका घोटाला पाच-सहा मिली धरा. ४० जणांना अडीचशे मिली भरपूर. सणाला गर्दी होईल म्हणून सुरईभर ओतून ठेवतात, आणि मग आशीर्वादित उरलेला सगळा तिथेच संपवावा लागतो. पाळकांना त्यानंतर गाडी चालवायची असते. कमी ओता. कमी पडलाच तर पुन्हा आशीर्वाद करण्याची सोय विधीत आहे. वेफर मोजूनच ठेवा आणि पाच-सहा जास्तीचे बाजूला, बिनआशीर्वादाचे.

प्याला पुसायच्या रुमालांना स्टार्च अजिबात नको, कडक कापड ओल शोषत नाही. वेदीवर प्याल्याखाली अंथरायच्या चौकोनाला थोडा चालतो. तो उभा-आडवा तिहेरी दुमडायचा म्हणजे नऊ चौकोन पडतात, घड्या आतल्या बाजूला, म्हणजे पडलेला कण बाहेर सांडत नाही. दोन्ही हाताने धुवायचे, पहिलं पाणी सिंकमध्ये न टाकता पिसीनात (वेदीजवळच्या, पाणी थेट जमिनीत सोडणाऱ्या कुंडीत) किंवा बागेतल्या मातीत ओतायचं, आणि ओलसर असतानाच इस्त्री करायची.

घंटावाल्यांना आत्ताच कळवा. सोमवार संध्याकाळ हा काहींचा दुसऱ्या गावच्या सरावाचा वार असतो.

ससेक्सकर

फार उपयोगी. म्हणजे ५ एप्रिल, सोमवार संध्याकाळ. पण म्हातारी माणसं आणि लहान मुलांचे आईबाप सोमवारी रात्री येणार नाहीत अशी भीती आहे. त्यांच्यासाठी काही मार्ग?

उत्तर ३ | नगरी

मार्ग आहे. सण आदल्या संध्याकाळी लागतो हे वर आलंच आहे. ४ एप्रिलला रविवारी सकाळी ईस्टरच्या दुसऱ्या रविवारचीच उपासना ठेवा, तिला हात लावू नका. दुपारी चारला सणाची संध्याप्रार्थना, मिरवणूक आणि चहा. स्तोत्र ८५ आणि गलतीकरांस ४:१-५ ही त्या संध्याकाळची नेमलेली वाचनं. प्रभुभोजन सोमवारी सात वाजता, लूक १:२६-३८ तेव्हा. रविवारी साठ आले आणि सोमवारी पंधरा, तरी बिघडत नाही. पंधरा जणांसाठी सणाच्या दिवशी वेदी सजते, हीच पॅरिश जिवंत असल्याची खूण.

तारखेचा काथ्याकूट कशाला, असं विचारणाऱ्यांपुढे १६६२मधला त्या दिवसाचा कलेक्ट (नेमलेली छोटी प्रार्थना) ठेवा. एकाच वाक्यात सगळं आहे: देवदूताच्या निरोपामुळे आम्हाला ख्रिस्ताचं देहधारण कळलं, तसं त्याच्या क्रूसाने आणि दुःखसहनाने आम्हाला पुनरुत्थानाच्या गौरवापर्यंत ने. नाझरेथातल्या मुलीच्या घरातून निघालेली प्रार्थना गुलगुथ्यावरून, क्रूसाच्या जागेवरून, जाऊन रिकाम्या कबरेपाशी थांबते. हा सण लेंट आणि ईस्टर यांच्या सांध्यावर येतो, तो असा. गुड फ्रायडेशी त्याची गाठ पडली की तो हटतो, कारण क्रूसापुढे दुसरं काही उभं राहू नये. पण हटतो म्हणजे रद्द होत नाही, पुनरुत्थानाच्या उजेडात पुन्हा येतो. सोयीचा रविवार घेतलात तर हा क्रमच दिसत नाही. शिवाय २५ मार्चपासून २५ डिसेंबर बरोबर नऊ महिने. शाळेतल्या पोरांनाही हे चटकन कळतं.

सणाच्या तारखा लोकांच्या आयुष्याला कशा चिकटतात ते आपल्याकडेही दिसतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमधल्या वाँटेजला २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला, तो मायकलमसचा, म्हणजे संत मीखाएल आणि सर्व देवदूतांचा दिवस. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर पुण्यातही काम करत होत्या. उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली, तो आगमनकालाचा पहिला रविवार, चर्चच्या नव्या वर्षाचा दिवस. नुसती तारीख वाचणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

आणखी एक, तुम्ही जुनी रजिस्टरं चाळताय म्हणून. इंग्लंडमध्ये १७५१पर्यंत कायद्याने वर्ष लेडी डेला बदलत असे. त्यामुळे त्याआधीच्या रजिस्टरात '१० फेब्रुवारी १७२०' दिसलं तर ते आपल्या हिशेबाने १७२१. जानेवारी ते २४ मार्चच्या नोंदी लावताना हे विसरलात तर पॅट्रनलची परंपरा एका वर्षाने मागेपुढे सरकेल.

पंचांगी

नगरींच्या योजनेला दुजोरा. फक्त पीसीसीत ठराव करून घ्या. उपासनेचा कोणता नमुना वापरायचा हे व्हिकर आणि पीसीसी मिळून ठरवतात, एकट्याच्या म्हणण्यावर नाही. १६६२चा विधी घेणार की कॉमन वर्शिप, हेही त्याच बैठकीत मिटवा, म्हणजे ग्लोरिया कुठे येणार ते पत्रक छापण्याआधी ठरेल. दोन्ही दिवसांची उपासना रजिस्टरात वेगळी नोंदवा: पाळक, उपदेशक, प्रभुभोजन घेतलेल्यांची संख्या, दान. आणि शेऱ्याच्या रकान्यात 'लेडी डे, २५ मार्चवरून स्थलांतरित' असं स्पष्ट लिहा. तो शेरा नसला तर पुढे रजिस्टर वाचणारा समजेल की तुम्ही तारीख विसरलात.