अनुभव धागा: निसर्गचित्रातली मापं नेमकी कुठे चुकतात?

रंग झकास, पण माणूस देवळाएवढा, असं का होतं? 'सराव करा' हे सगळ्यांना माहीत आहे. माप कसं घेता ते सांगा.

घाटकाठ: पेन्सिलीने मापताना कोपर ताठ, एक डोळा बंद. हात वाकला की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि तीच वस्तू कमी भरते. एकक एकच ठेवा. वाईला पैलतीरावरून ढोल्या गणपतीचं देऊळ काढताना शिखराची उंची एकक धरली, तर देवळाची रुंदी आणि पायऱ्यांचा चढ त्याच्या किती पट, एवढंच पाहायचं. पायऱ्या मोजत बसू नका.

पुळणीवरचा: सपाट किनाऱ्यावर स्टुलावर बसलात की डोळा साधारण १.२ मीटरवर असतो. क्षितिजरेषा डोळ्याच्याच उंचीवर दिसते, म्हणून १.६ मीटर उंचीचा माणूस जवळ असो की लांब, ती त्याला पाऊण उंचीवरच, म्हणजे छातीशी कापते. लांबच्या माणसाचे पाय वर सरकतात, डोकं खाली येतं. सगळ्यांचे पाय एका रेषेत ठेवून फक्त आकार लहान केला, की माणसं बुटकी दिसतात. नारळ १५-२० मीटरचा, म्हणजे माणसाच्या दहा-बारा पट. बहुतेक चित्रांत तो चौपटच असतो! आणि किल्ल्याच्या तटावरून काढताना होड्या क्षितिजाच्या खाली ठेवा. डोलकाठी तुमच्या डोळ्यापेक्षा उंच असेल तरच ती रेषा ओलांडते.

हिशोबी: ३०० मीटरचा डोंगर ३ किलोमीटरवरून, डोळ्यापासून ६० सेंमीवर धरलेल्या पट्टीवर ६ सेंमी भरतो. क्वार्टर शीट (११ × १५ इंच) आडवी त्याच अंतरावर असेल, तर २८ सेंमी उंचीत डोंगर ६ सेंमी. मनाला मात्र तो दुप्पट वाटतो. मुद्दाम वाढवायचा तर वाढवा, पण मग पायथ्याची झाडं-घरं वाढवू नका, नाहीतर डोंगराची टेकडी होते.

घाटकाठ: फोटोवरून काढणाऱ्यांचं उलट होतं. मोबाइलची वाइड लेन्स सगळा देखावा आत घेते, त्यात डोंगर बारका पडतो.

जलरंगी: मला पेन्सिलीपेक्षा खिडकी बरी वाटते. पुठ्ठ्यात ५.५ × ७.५ सेंमीचं भोक, म्हणजे क्वार्टर शीटचंच प्रमाण. चारही बाजूंच्या मध्यावर खुणा करा, कागदावरही तशाच. डोंगराची धार कुठल्या खुणेवर येते ते पाहून पहिल्या वॉशआधी (पातळ रंगाच्या थराआधी) ठिपका द्या. जलरंगात वॉश वाळल्यावर डोंगर खाली आणता येत नाही.

पुळणीवरचा: खिडकी एकाच अंतरावर धरायची, एवढं लिहायचं राहिलं. सुतळी बांधून दुसरं टोक दातात धरा.