शब्दचर्चा: 'देवाशी वैयक्तिक नातं' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न
एका ख्रिस्ती मैत्रिणीच्या घरी प्रार्थनासभेला गेले होते, तिथे साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सांगायला, उठणारा जवळजवळ प्रत्येकजण 'माझं प्रभूशी वैयक्तिक नातं आहे' असं म्हणत होता. मला वैयक्तिक म्हटलं की खाजगी असंच वाटतं, मग ते चारचौघांत कशाला सांगायचं? आणि ख्रिस्ती घरात जन्मलेल्या माणसाचं हे नातं आपोआप नसतं का?

प्रतिसाद
हा शब्दप्रयोग बायबलमध्ये जसाच्या तसा नाहीये, इव्हँजेलिकल, म्हणजे स्वतःच्या विश्वासावर आणि मनपरिवर्तनावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट लोकांच्या इंग्रजीतून आपल्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) आला. गोष्ट मात्र जुनी आहे. येशूचा प्रेषित पौल बायबलमधल्या पत्रात गलतीकरांना लिहितो तेव्हा ख्रिस्ताने 'माझ्यावर' प्रीती केली, 'माझ्याकरता' स्वतःला दिलं असं म्हणतो, नुसतं 'जगाकरता' म्हणून थांबत नाही.

प्रतिसाद
ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या, याच्याहून चांगलं मला माहीत नाही. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. म्हणजे त्या जन्माने ख्रिस्ती नव्हत्या, शास्त्रं पाठ असलेल्या विदुषी, विचार करून, लोकांचा रोष पत्करून आलेल्या. तरी १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालाय पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळालेला नाही! मला हे वाक्य फार मोठं वाटतं. धर्म पटला होता, उपासना चालू होती, सेवा चालू होती, आणि तरीही त्यांना कळलं की मी त्याच्या'बद्दल' जाणते, त्याला जाणत नाही. मग जन्माने ख्रिस्ती असलेल्या आम्हा लोकांचं आपोआप कसं होईल?

योहानाच्या १७व्या अध्यायात येशू सार्वकालिक जीवन म्हणजे देवाला 'ओळखणं' असं म्हणतो. आपण मराठीतही मुख्यमंत्री कोण ते माहीत आहे म्हणतो, त्यांची ओळख आहे असं म्हणत नाही, ओळखीला दोन्ही बाजू लागतात. म्हणून मी स्वतः 'वैयक्तिक नातं'पेक्षा 'प्रभूची ओळख' म्हणणं पसंत करतो, आणि आपल्या जुन्या पाळकांच्या तोंडीही हेच ऐकलंय.

प्रतिसाद
मी वसईची, कॅथलिक. आमच्यात हा शब्द कमी ऐकू येतो म्हणून आमचं नातं वैयक्तिक नाही असं कृपया समजू नका. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), कन्फेशन (पापांची कबुली), मिस्सातलं, म्हणजे उपासनेतलं, कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) हे सगळं त्या नात्याचंच जगणं आहे, कम्युनियन घेताना फादर तो प्रसाद एकेकासमोर धरून 'ख्रिस्ताचं शरीर' म्हणतात आणि आमेन मलाच म्हणावं लागतं, माझ्या वतीने आई म्हणू शकत नाही. आणि खाजगीचं म्हणाल तर येशूने शिकवलेली प्रार्थनाच 'आमच्या पित्या' अशी आहे, 'माझ्या पित्या' नाही. त्यामुळे वैयक्तिक म्हणजे एकट्याचं, चर्च नको, लोक नकोत, असा अर्थ घेतला तर तो चुकीचाच.

प्रतिसाद
+१. वैयक्तिक म्हणजे बदली माणूस चालत नाही एवढंच. साक्ष सगळ्यांसमोर देतात तीही त्याचसाठी, देवाने काय केलं ते मंडळीला कळावं म्हणून.

मूळ प्रश्नकर्ती
खूप आभार सगळ्यांचे. अजून एक विचारते. साक्षीत लोक शांती मिळाली, आनंद झाला असं सांगतात. ज्याला प्रार्थनेत काहीच जाणवत नाही त्याचं नातं नाही असं म्हणायचं का?

प्रतिसाद
नाही हो ताई, अजिबात नाही. भावना येतात जातात, माझ्या आजारपणात कित्येक महिने प्रार्थना नुसती कोरडी होती, शब्द म्हणायचो आणि झोपायचो. तेव्हा बायबलमधलं स्तोत्र २२ कामाला आलं. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हेच येशू वधस्तंभावर म्हणाला. देव सोडून गेला असं वाटतंय आणि तक्रार मात्र त्याच्याकडेच चाललीये, तीही 'माझ्या' म्हणून, 'तू' म्हणून. अटकेआधी गेथशेमाने बागेत 'अब्बा, बापा' म्हणताना तर येशूला घाम फुटला होता, आणि हा प्याला, म्हणजे हे दुःख, दूर कर ही विनंती काही मान्य झाली नाही, तरी हाक अब्बाच. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना तुकोबा इतके जवळचे का वाटायचे ते मला इथे समजतं, तुकोबाही विठ्ठलाशी भांडतात पण पाठ फिरवत नाहीत. तेव्हा काही जाणवत नसेल तर तेच त्याला सांगा, स्तोत्रांत अशी कितीतरी गाऱ्हाणी आहेत, १३वं अगदी छोटं आहे, तिथून वाचायला घ्या.