मदत हवी आहे: दादाला हिपॅटायटिस ई, वहिनींना सातवा महिना

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. दादाला आधी बारीक ताप आणि मळमळ होती, जेवणावरची वासनाच उडाली. मग लघवी गडद पिवळी, डोळेही पिवळे. बिलिरुबिन (रक्तातला पिवळा घटक, काविळीत वाढतो) ८.२, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढतं) हजाराच्या वर. हिपॅटायटिस ए निगेटिव्ह, ई-चा आयजीएम (नुकत्याच झालेल्या संसर्गाची रक्तातली खूण) पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या, दारू आणि मनाने गोळ्या नकोत, यकृत आपलं आपण सावरेल.

दादाचं ठीक आहे, खरी काळजी आहे ती वहिनींची. शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात, असं वाचलं. त्यांना अक्कलकोटला माहेरी पाठवू का? आत्ताच तपासणी करावी का? नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, पिंपात साठवतो, कँडल फिल्टरमधून गाळून पितो. पहिल्या धारेला वास असतो. आणि आईनं दादासाठी काविळीची माळ आणलीय, पोटात द्यायला कसलासा रसही. काय करू?

प्रतिसाद:
माहेरी पाठवायची घाई नको. हा आजार माणसापासून माणसाला थेट फारसा लागत नाही, विष्ठेनं दूषित झालेल्या पाण्यातून येतो. दादा जे पाणी प्यायला तेच वहिनीही प्यायल्या, आणि लक्षणं दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणून त्या कुठेही राहिल्या तरी मोठं हॉस्पिटल जवळ असावं. उद्याच त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दादाचे रिपोर्ट दाखवा. आयजीएम साधारण लक्षणांच्या सुमारास दिसू लागतं, त्यामुळे आजची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. पुन्हा कधी करायची ते डॉक्टरांनाच विचारा.

पाण्याला खळखळून उकळी फुटली पाहिजे, ती मिनिटभर तरी राहू द्या. विषाणू इतका सूक्ष्म असतो की कँडल त्याला अडवत नाही. नळ बंद असताना पाइप रिकामा राहतो आणि फुटक्या जागेतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, तेच पहिल्या धारेला येतं. ती धार सोडून द्या. दात घासायला, कोशिंबिरीच्या भाज्या धुवायलाही उकळलेलंच पाणी. बाहेरचा बर्फ, पाणीपुरी बंद. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली होती, तो हाच विषाणू असल्याचं पुढे साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळलं. बोळात आणखी कुणाचे डोळे पिवळे असतील तर आरोग्य विभागाला कळवाच.

दादाच्या विष्ठेतून विषाणू अजून काही आठवडे पडू शकतो. त्यानं साबणानं हात धुवावेत, स्वयंपाकात हात घालू नये.

माळेवरून आईंशी भांडू नका. ओल्या काड्या वाळून आक्रसतात, दोरा सैल होतो, म्हणून ती लांबते, कावीळ उतरते म्हणून नव्हे. बिलिरुबिन त्यानं उतरत नाही. रस मात्र मुळीच देऊ नका, दुखावलेल्या यकृतावर नवा भार कशाला? चीनमध्ये २०११ साली लस मंजूर झाली, पण आपल्याकडे सहज मिळत नाही, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

वहिनींना ताप, उलट्या, पिवळी लघवी यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. गुंगी आली, बोलण्यात गोंधळ झाला किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर रात्री दोन वाजता असलं तरी थेट आयसीयू असलेल्या हॉस्पिटलात न्या.

धागाकर्ता:
खूप आभार. अक्कलकोट रद्द. उद्या सकाळीच वहिनींना घेऊन जातो. एक राहिलं: त्यांना पॅरासिटामॉल चालेल का?

प्रतिसाद:
डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको. गेल्या महिन्याभरात घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या.